पाचव्या दिवसाचे भय : जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि रक्ताने दिलेली पूर्वसूचना

९ एप्रिल १८७९, पॅरिस. ज्यूल पेआँ या नामांकित शल्यचिकित्सकाने एका रुग्णाचे पोट उघडले. जठराच्या खालच्या टोकाशी, जिथून अन्न आतड्यात उतरते तिथे, कर्करोगाची गाठ होती. पेआँ यांनी तो भाग कापून काढला आणि उरलेले जठर आतड्याला टाके घालून जोडले. कर्करोगग्रस्त जठराचा भाग काढण्याचा हा पहिलाच नोंदलेला प्रयत्न होता. रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचला आणि पाचव्या दिवशी दगावला.

१६ नोव्हेंबर १८८०. त्या वेळी प्रशियाच्या ताब्यात असलेल्या खेल्म्नो या पोलिश गावात लुडविक रिडिगिएर यांनी तीच शस्त्रक्रिया केली. त्यांचा रुग्ण बारा तासांतच गेला.

तिसरा प्रयत्न व्हिएन्नात झाला. २९ जानेवारी १८८१ रोजी थिओडोर बिलरोथ यांच्यासमोर तेरेझे हेलर ही ४३ वर्षांची, आठ मुलांची आई होती. काहीही खाल्ले की उलटी होत असे. पोटात टिकत होते ते फक्त आंबट दूध. बिलरोथ यांनी सुमारे दीड तासात गाठीसह जठराचा भाग काढला आणि रेशमाच्या सुमारे पन्नास टाक्यांनी जोड पुरा केला. ही बाई वाचली. पहिले काही तास बर्फाचे तुकडे, मग चमचा-चमचा दूध, मग थोडे अन्न, आणि काही आठवड्यांनी ती घरी गेली. वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत हा दिवस सोनेरी अक्षरांत नोंदला आहे आणि तो योग्यच आहे. मात्र या कथेत सहसा न सांगितला जाणारा भाग म्हणजे २९ जानेवारीनंतरचे दिवस. पोट शिवून झाले होते. आतला जोड धरून आहे की उसवतो आहे, हे युरोपातील सर्वांत कुशल शल्यचिकित्सकालाही बाहेरून कळण्याचा मार्ग नव्हता.

या प्रश्नाचे उत्तर रक्तात शोधले गेले. त्या शोधाला जवळजवळ शंभर वर्षे लागली आणि त्याची वाट न्यूमोनियाच्या वॉर्डातून गेली.

आधी धोका नेमका कोणता, ते पाहू. जठराचा भाग किंवा संपूर्ण जठर काढले की उरलेली टोके एकमेकांना जोडावी लागतात. संपूर्ण जठर काढल्यावर अन्ननलिकाच लहान आतड्याला जोडली जाते. झुरिचमध्ये कार्ल श्लाटर यांनी सप्टेंबर १८९७ मध्ये ते प्रथम यशस्वी करून दाखवले. हा जोड एखाद्या ठिकाणी सुटला तर आतला द्रव पोटाच्या पोकळीत झिरपतो. जठराच्या मागेच स्वादुपिंड असते. गाठी खरवडताना त्याला इजा झाली तर त्याचा पाचक रस आसपासच्या उतींनाच पचवू लागतो, रक्तवाहिन्याही त्यातून सुटत नाहीत. शिवाय पोटाच्या वरच्या भागातील जखमेमुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही आणि फुप्फुसात जंतू वाढतात. यांतले काहीही झाले तरी पहिले दोन-तीन दिवस रुग्ण ‘ठीक’ दिसतो. थोडा ताप असतो, थोड्या वेदना असतात, नाडी जरा जलद असते. पण हे सगळे प्रत्येकच मोठ्या शस्त्रक्रियेनंतर असते. घात होतो तो याच सारखेपणामुळे. चौथ्या, पाचव्या, सातव्या दिवशी पोट ताठरते, रक्तदाब घसरतो, तेव्हा चित्र स्पष्ट होते. तोवर अनेकदा उशीर झालेला असतो.

बिलरोथ यांच्या हाती दोनच साधने होती, नाडी आणि तापमापक. तापमापकही तेव्हा नवाच होता. लाइप्झिगच्या कार्ल वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांच्या तापाचे आलेख अभ्यासून १८६८ मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला. ताप हा स्वतः आजार नाही, आजाराचे ते चिन्ह आहे, ही समजूत त्यानंतर रुजली. बिलरोथ त्याही आधीपासून, झुरिचमध्ये असताना, शस्त्रक्रियेनंतरच्या जखमज्वराचा पद्धतशीर अभ्यास करत होते. १८६२ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलेही. त्यांचा आणखी एक गुण त्या काळात दुर्मीळ होता. झुरिचमधील आपल्या कामाचा अहवाल प्रसिद्ध करताना त्यांनी दगावलेल्या रुग्णांचे आकडे झाकले नाहीत. संगीतकार ब्राम्सचा हा जिवलग मित्र हिशेबाच्या बाबतीत कमालीचा रोखठोक होता. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत मोजली पाहिजे, हा विचारच मुळात अशा माणसांकडून आला. जे मोजले जात नाही त्याचा अंदाज बांधता येत नाही.

रक्त आजाराबद्दल काही सांगते, ही जाणीव मात्र फार जुनी. युरोपात शतकानुशतके रुग्णाचे रक्त काढणे हा सर्वमान्य उपचार होता. भांड्यात साठलेल्या रक्ताकडे वैद्य निरखून पाहत. ज्याच्या अंगात दाह असे त्याच्या रक्तावर फिकट पिवळसर साय धरे. निरोगी माणसाच्या रक्तावर ती क्वचितच दिसे. तिला ‘दाहाची साय’ असे लॅटिन नावही होते. कारण विसाव्या शतकात उलगडले. दाह असताना रक्तातील काही प्रथिने वाढतात, तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून झपाट्याने खाली बसतात आणि वर पेशीविरहित थर उरतो. पोलंडचे एडमंड बिएर्नात्स्की यांनी १८९७ मध्ये आणि स्वीडनचे रॉबिन फोरेउस यांनी १९१८ मध्ये याच घटनेतून एक चाचणी घडवली. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर आजही दिसणारी ‘ईएसआर’ ती हीच. फोरेउस यांचा मूळ हेतू तर वेगळाच होता. ते गर्भधारणा ओळखण्याची चाचणी शोधत होते!

ईएसआरने अनेक रोगांत उपयोग सिद्ध केला. शल्यचिकित्सकाच्या कामी ती आली नाही, कारण ती सावकाश चढते आणि त्याहून सावकाश उतरते. शस्त्रक्रियेने वाढलेला दर आठवडे तसाच राहतो. पाचव्या दिवसाचे भय असलेल्या माणसाला महिन्याभराने येणारे उत्तर काय कामाचे?

आता १९३०, न्यूयॉर्क, रॉकफेलर इन्स्टिट्यूट. पेनिसिलिन अजून औषध झालेले नव्हते. न्यूमोनिया हा माणसे मारणारा आजार होता आणि ऑस्वाल्ड एव्हरी यांची प्रयोगशाळा न्यूमोकोकस या त्याच्या जंतूचे एकेक घटक वेगळे करण्यात गढली होती. तिथे विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघे रुग्णांचे रक्त दिवसागणिक घेत आणि त्यातील द्रवात जंतूचे निरनिराळे अंश मिसळून पाहत. जंतूच्या एका शर्करायुक्त अंशाला त्यांनी ‘सी’ असे नाव दिले होते. आजाराच्या ऐन भरात घेतलेल्या रक्तद्रवात हा अंश टाकला की गढूळ साका बसे. पण रुग्ण बरा होऊ लागला की ही क्रिया नाहीशी होई.

त्या काळच्या ज्ञानाला हे कोडेच होते. जंतूविरुद्ध शरीर प्रतिपिंडे बनवते हे माहीत होते, पण ती उशिरा येतात आणि बरे झाल्यावरही टिकतात. इथे क्रम अगदी उलटा होता. जे काही होते ते आजाराबरोबर येत होते आणि आजाराबरोबर जात होते. पुढे ते न्यूमोकोकस नसलेल्या संसर्गांतही सापडले. म्हणजे हा एका जंतूचा शत्रू नव्हता. कुठलाही घाव बसला, कुठलाही दाह पेटला की शरीर वाजवते ती ही सामाईक घंटा होती. १९४१ मध्ये एव्हरी आणि सहकाऱ्यांनी ते एक प्रथिन असल्याचे दाखवले आणि त्याला नाव मिळाले सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, सीआरपी.

जाता जाता या प्रयोगशाळेबद्दल एवढे सांगायलाच हवे. आनुवंशिकतेचा वाहक डीएनए आहे हे १९४४ मध्ये सिद्ध करणारे एव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी हे तिघेही सीआरपीच्या कामात गुंतले होते. मॅकार्टी यांनी तर १९४७ मध्ये त्याचे स्फटिक मिळवले. फ्रान्सिस यांनी पुढे १९५४ मध्ये साल्क यांच्या पोलिओ लशीच्या प्रचंड चाचणीचे नेतृत्व केले. टिलेट यांनी स्ट्रेप्टोकायनेज शोधले, जे हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवण्यासाठी वापरले गेले. एवढ्या गर्दीत सीआरपीचा शोध झाकोळला गेला, यात नवल नाही.

तो झाकोळण्याचे दुसरेही कारण होते. पुढची कित्येक वर्षे सीआरपीची चाचणी ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगत असे. बारीक काचनळीत सशापासून मिळवलेले प्रतिद्रव्य आणि रुग्णाचा रक्तद्रव एकत्र करायचे, साका किती बसला ते डोळ्यांनी पाहायचे आणि कागदावर एक, दोन, तीन किंवा चार अधिक चिन्हे लिहायची. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाच्या कागदावर अधिक चिन्हेच येणार! त्यातून शल्यचिकित्सकाला नवे काहीच कळत नव्हते. १९७०च्या दशकापासून प्रथिनांचे प्रमाण अचूक मोजणाऱ्या पद्धती रुग्णालयांत आल्या आणि चिन्हांच्या जागी आकडे आले. हा बदल बाहेरून किरकोळ वाटतो, पण खरी क्रांती तीच आहे. आकडा आला म्हणजे आलेख काढता येतो, आणि आलेख आला म्हणजे दोन रुग्णांतला फरक दिसतो.

तो आलेख असा आहे. जखम होताच त्या जागच्या पेशी इंटरल्युकिन-६ हा निरोप रक्तात सोडतात. जपानमध्ये ओसाका येथे १९८६ मध्ये त्याचे जनुक हाती लागले. निरोप यकृताला पोचला की ते सीआरपी बनवू लागते. निरोगी माणसात लिटरमागे एखादा मिलिग्रॅम असणारे हे प्रथिन जठराच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शंभराच्या वर सहज जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठते. रक्तातील त्याचे अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे, म्हणजे यकृताने हात आखडता घेतला की एका दिवसाच्या आत आकडा निम्म्यावर येऊ लागतो. आत सर्व ठीक असेल तर तिसऱ्या दिवसानंतर रेघ उतरणीला लागते. ती उतरलीच नाही, किंवा उतरून पुन्हा चढली, तर आत काहीतरी पेटले आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीसाठी ही प्रथिने मोजावीत असे सुचवणारे शोधनिबंध १९७६ आणि १९८७ मध्ये आले. पेआँ यांच्या रुग्णानंतर एव्हाना शतक उलटून गेले होते.

दरम्यान जठराची शस्त्रक्रिया स्वतःच एका वादात सापडली होती. तो वाद समजला तरच या रक्तचाचण्यांचे मोल कळते. जपानमध्ये हा कर्करोग फार मोठ्या प्रमाणावर आढळे. तिथल्या शल्यचिकित्सकांनी जठराबरोबर भोवतालच्या लसीकाग्रंथी दूरपर्यंत साफ करण्याची पद्धत विकसित केली. तिला ‘डी-टू’ म्हणतात. त्यांचे रुग्ण अधिक जगत. पश्चिमेला ते पटत नव्हते. अखेर १९८९ ते १९९३ या काळात नेदरलँड्समध्ये चाचणी झाली आणि तिथल्या शल्यचिकित्सकांना शिकवायला टोकियोहून मित्सुरु सासाको गेले. ७११ रुग्णांचा हिशेब निघाला तेव्हा जपानी पद्धतीच्या गटात ४३ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली होती आणि १० टक्के दगावले होते. मर्यादित शस्त्रक्रियेच्या गटात हे आकडे २५ आणि ४ टक्के होते. ब्रिटनमधील चाचणीनेही असेच सांगितले. निष्कर्ष निघाला की मोठ्या शस्त्रक्रियेचा फायदा नाही.

मग २०१० मध्ये त्याच डच रुग्णांचा पंधरा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला आणि चित्र पालटले. कर्करोगाने मरण पावलेल्यांचे प्रमाण मर्यादित शस्त्रक्रियेच्या गटात ४८ टक्के होते आणि जपानी पद्धतीच्या गटात ३७ टक्के. पद्धत उपयोगी होती, पण तिचा लाभ पहिल्या काही दिवसांतल्या मृत्यूंखाली गाडला गेला होता. डच गटात प्लीहा आणि स्वादुपिंडाचे टोक काढण्याचा प्रघात होता, त्याने हानी वाढवली हेही उघड झाले. उलट जपानमधील ५२३ रुग्णांच्या एका चाचणीत, जी याहूनही विस्तृत शस्त्रक्रियेची तुलना करत होती, रुग्णालयातील मृत्यू अवघे ०.८ टक्के होते. भारतीय शल्यचिकित्सकही या वादापासून दूर नव्हते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील चमूने २००६ मध्ये आपला डी-टूचा अनुभव मांडून, आंतरराष्ट्रीय चाचण्यांत भारतीय आकड्यांना आता जागा मिळावी असा दावा केला.

म्हणजे कर्करोगावरील उपचार योग्य की अयोग्य, या मोठ्या प्रश्नाचे उत्तरच शस्त्रक्रियेनंतरच्या दहा दिवसांनी फिरवले होते. गुंतागुंत कोणाला होणार आणि झाली तर किती लवकर कळणार, हा दुय्यम प्रश्न राहिला नव्हता.

‘कोणाला होणार’ या अर्ध्या प्रश्नाचा मागोवा मात्र आधीच सुरू झाला होता. १९३६ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात हिरम स्टडली यांनी जठरव्रणाच्या शस्त्रक्रिया झालेल्या मोजक्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. शल्यचिकित्सक कोण, वय किती, शस्त्रक्रियेला वेळ किती लागला, असे सगळे त्यांनी पाहिले आणि उत्तर मिळाले तराजूत. ज्यांचे वजन आजारपणात पाचव्या हिश्शाहून अधिक घटले होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे ३३ टक्के, इतरांत ३.५ टक्के. उपाशी शरीर जखम भरू शकत नाही. आठ मुलांची आई तेरेझे हेलर आंबट दुधावर जगत शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचली होती, हे आठवले की तिचे वाचणे किती काठावरचे होते ते कळते.

जपानच्या ओनोदेरा आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हेच ज्ञान रक्ताच्या दोन आकड्यांत बसवले. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन, डेसिलिटरमागे ग्रॅममध्ये, दहाने गुणायचे. त्यात एका घनमिलिमीटरमधील लिम्फोसाइट पेशींची संख्या ०.००५ ने गुणून मिळवायची. बेरीज ४५ च्या वर असेल तर आतडे कापून जोडणे सुरक्षित. ४० ते ४५ मध्ये धोका. ४० च्या खाली असेल तर कापून जोडूच नये. उदाहरणार्थ, अल्ब्युमिन ३ आणि लिम्फोसाइट १००० असतील तर बेरीज ३५. अशा रुग्णाला आधी काही आठवडे पोषण द्यावे आणि मग शस्त्रक्रियेचा विचार करावा, असा त्याचा अर्थ. गणित शाळकरी आहे, आणि त्याची लोकप्रियता त्यातच आहे. कुठल्याही तालुक्याच्या प्रयोगशाळेत या दोन्ही चाचण्या होतात. अल्ब्युमिनबाबत एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. ते फक्त उपासमारीने घटत नाही. शरीरात दाह असला की यकृत सीआरपी बनवण्यात गुंतते आणि अल्ब्युमिन कमी करते. म्हणून केवळ दूध-अंडी देऊन तो आकडा दरवेळी वर येत नाही. सीआरपी आणि अल्ब्युमिन हे एकाच तराजूचे दोन पलडे आहेत, आणि ग्लासगोच्या संशोधकांनी २००३ पासून त्या दोघांना मिळूनच गुण देण्याची पद्धत काढली.

न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर हाही असाच एक स्वस्त दर्शक. ब्रातिस्लाव्हाच्या अतिदक्षता विभागातून तो २००१ मध्ये पुढे आला आणि आता जठराच्या कर्करोगावरील निबंधांत जिथे-तिथे दिसतो. थोडा अतिरेकच झाला आहे.

प्रोकॅल्सिटोनिनची कथा अधिक रंजक. हे खरे तर थायरॉइड ग्रंथीतील एका संप्रेरकाचे पूर्वरूप. निरोगी माणसाच्या रक्तात ते नगण्य असते. १९९३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की जिवाणूंचा गंभीर संसर्ग झालेल्या मुलांत ते प्रचंड वाढते, विषाणूंच्या संसर्गात तितके वाढत नाही. ते काही तासांतच चढते, म्हणजे सीआरपीच्या आधी. नुसत्या कापाकापीने ते फार हलत नाही, ही शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने जमेची बाजू. किंमत ही उणी बाजू. २०२० आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या घराघरांत ‘सीआरपी किती आला?’ हा प्रश्न विचारला गेला. प्रोकॅल्सिटोनिन, इंटरल्युकिन-६ ही नावेही रिपोर्टच्या कागदावरून लोकांच्या तोंडी गेली. कोविडने लोकांना शिकवलेली ही वर्णमाला शस्त्रक्रियेच्या वॉर्डात त्याआधी कित्येक वर्षे वाचली जात होती.

आता कळीचा मुद्दा : हे आकडे नेमके काय सांगतात? मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेबाबत याचा स्वच्छ हिशेब २०१४ मध्ये मांडला गेला. सात अभ्यासांतील २४८३ रुग्ण एकत्र करून संशोधकांनी सीमा ठरवल्या. सीआरपी तिसऱ्या दिवशी लिटरमागे १७२ मिलिग्रॅम, चौथ्या दिवशी १२४, पाचव्या दिवशी १४४. आकडा सीमेखाली असेल तर जोड सुटलेला नाही, हे ९७ टक्के खात्रीने म्हणता येत होते. आकडा सीमेवर असेल तर? तर खरोखर जोड सुटलेले रुग्ण पाचांत जेमतेम एक. उरलेल्या चौघांत न्यूमोनिया असेल, जखमेत पू असेल, किंवा काहीच नसेल.

जठराच्या शस्त्रक्रियेत सीमारेषा प्रत्येक अभ्यासागणिक थोड्या सरकतात, पण निष्कर्षाचे स्वरूप तेच राहते. सीआरपी संकट आले असे सांगण्यात कच्चा आहे, संकट नाही असे सांगण्यात पक्का. ‘अंदाज’ या शब्दाने अनेकांची इथे फसगत होते. लोकांना वाटते, रक्ताने भविष्य सांगावे. रक्त सांगते ते एवढेच की या रुग्णाला सोडून त्या रुग्णाकडे पाहा.

आणि नेमकी हीच गोष्ट त्या काळाला हवी होती. १९९०च्या दशकात कोपनहेगनचे हेन्रिक केलेट यांनी शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर खाऊ घालावे, लवकर चालवावे, लवकर घरी पाठवावे असा आग्रह धरला. तोवर पोटाची मोठी शस्त्रक्रिया म्हणजे दोन-दोन आठवडे खाटेवर, नाकात नळी, पोटात नळी असा शिरस्ता होता. लवकर घरी पाठवण्याने संसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या कमी होतात, पण एक भीती उरते. घरी गेलेल्या माणसाचा जोड सहाव्या दिवशी सुटला तर? तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा उतरता सीआरपी ही ती भीती आटोक्यात ठेवणारी सही ठरली. आकडा खाली आला की ड्रेनची नळी काढता येते, तोंडाने अन्न सुरू ठेवता येते. वर राहिला तर सीटी स्कॅन होतो. जोडाबाहेर द्रव साचल्याचे दिसले तर त्वचेतून नळी घालून तो काढता येतो आणि गरज पडल्यास दुर्बिणीने आतून जाळीची नळी बसवता येते. स्वादुपिंडाची गळती मात्र रक्तापेक्षा ड्रेनमधून येणाऱ्या पाण्यात आधी दिसते. त्यातील अमायलेज पहिल्याच दिवशी मोजण्याची पद्धत जपानी केंद्रांनी रुळवली.

या आकड्यांना फसवणेही सोपे आहे. भूल देताना उलटी टाळण्यासाठी डेक्सामेथासोन दिले जाते. ते स्टेरॉइड असल्याने सीआरपी दबतो. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत जखम लहान, म्हणून आकडाही लहान. जपानमध्ये किटानो यांनी १९९१ मध्ये जठराची अशी शस्त्रक्रिया सुरू केल्यापासून उघड्या शस्त्रक्रियेच्या सीमारेषा तिला जशाच्या तशा लावता येत नाहीत. यकृत सिऱ्होसिसने खराब झालेले असेल तर ते प्रथिन बनवणार तरी किती? आणि सर्वांत जुनी चूक म्हणजे कागद पाहून रुग्णाला न पाहणे. नाडी १२० आहे, माणूस अस्वस्थ आहे, आणि सीआरपी नव्वद आहे म्हणून डॉक्टर निश्चिंत आहेत, असे प्रसंग कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या मृत्यूपरीक्षण बैठकीला अपरिचित नाहीत. तापमापकावर भिस्त ठेवणारे बिलरोथही रोज रुग्णाच्या खाटेशी उभे राहत.

तेरेझे हेलर शस्त्रक्रियेनंतर सुमारे चार महिने जगली. मे १८८१ मध्ये तिचा मृत्यू झाला तो कर्करोग पसरल्यामुळे. शवविच्छेदन झाले आणि बिलरोथ यांना ज्याची उत्सुकता होती ती गोष्ट अखेर डोळ्यांनी पाहता आली. जोड उत्तम भरून आला होता. तिच्या जठराचा तो नमुना व्हिएन्नाच्या वैद्यकीय इतिहास संग्रहालयात, काचेच्या बरणीत, आजही जतन करून ठेवलेला आहे.